ब्रिजीत मॅडमचं स्टूल

आमच्या ऑफिसात मशीनला ‘अहो’ आणि माणसाला ‘अरे’ म्हणायची पद्धत होती. ती पाडली ब्रिजीत मॅडमनी. सकाळी आल्या की पर्स टेबलावर टाकायच्या, आधी कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनपाशी जायच्या, त्याच्या जाळीवर हाताची पाठ टेकवायच्या आणि म्हणायच्या, “काय हो, बरं वाटतंय ना?” मग माझ्याकडे वळून, “तू काय बघतोस रे? काय घातलंस याच्या पोटात? ताप आलाय याला.”

ऑफिस बोरीवली पश्चिमेला, फरसाणच्या दुकानावर दुसरा मजला. खाली गाठ्या तळल्या जायच्या, वर आम्ही टॉवर. आमचा धंदा म्हणजे न बांधलेल्या बिल्डिंगचे फोटो काढणं. जागेवर अजून गॅरेज असतं, नाहीतर चाळ असते. आम्ही कॉम्प्युटरात तिथं चाळीस मजले उभे करायचे, झाडं लावायची, ऊन पाडायचं, आणि मशीनला म्हणायचं, आता काढ याचा फोटो. याला रेंडर म्हणतात. मशीन चौकोन चौकोन करून चित्र भरत जातं, तास न् तास. आणि बिल्डरला होर्डिंगएवढं मोठं चित्र हवं असलं की पाऊण चित्र झाल्यावर एकदम सगळं गायब. काळी खिडकी, त्यात एक इंग्रजी वाक्य. याला क्रॅश म्हणतात. आमच्या बार्शीत याला वाट लागली म्हणतात, मुंबईतही तेच म्हणतात, तेवढंच एक ओळखीचं वाटलं मला इथं आल्यावर.

क्रॅश झाला की आमचे मालक जिग्नेशभाई एसी वाढवायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. बाकी सगळे एका सुरात ओरडायचे, “मॅऽऽडम!”

मग मॅडम यायच्या. एका हातात निळं प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात शाळेची दोनशे पानी वही. बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या, फुलाफुलांचा कॉटनचा फ्रॉक, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याला खाली औषधाच्या बाटलीचं रबरी बूच लावलेलं. त्या स्टूल माझ्या शेजारी टेकवायच्या आणि स्क्रीनकडे पाठ करून बसायच्या. स्क्रीनकडे पाठ! तोंड माझ्याकडे.

“मॅडम, एरर आलीय, वाचून दाखवू?”

“नको. ते इंग्लिशमध्ये रडतंय. त्याला कुठं दुखतं ते त्याला कळत नाय. दुखणं तू हाईस. बोल, काय टाकलंस?”

“काहीच नाही.”

“काहीच नाय?”

“नाही ओ मॅडम, कालचीच फाइल आहे.”

“मशीन खोटं बोलत नाय बाबा. माणूस बोलते. परत विचारते. काल संध्याकाळपासून काय टाकलंस?”

“खरंच नाही.”

“तीन झाले,” त्या वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या. “आता कोंबडा आरवेल.”

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांच्या शास्त्रात म्हणे येशूच्या एका शिष्यानं तीनदा ‘मी नाही त्यातला’ म्हटलं आणि लगेच कोंबडा आरवला. ऑफिसात कोंबडा नव्हता, पण खाली फरसाणवाल्याची शिट्टी वाजली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “एक सोफा टाकलाय.”

“कुठं?”

“चौदाव्या मजल्यावर. फुकट मिळाला नेटवर.”

सोफा उघडून बघितला तर बनवणाऱ्यानं लई मन लावून बनवलेला. उशांना चेन होती. चेनला दात होते. दात एकूण एक वेगळे कोरलेले. आणि चौदाव्यापासून वर असले सोफे मी ऐंशी फ्लॅटमध्ये टाकलेले. चित्रात तो सोफा कुठंच दिसत नव्हता, कारण चौदाव्या मजल्याच्या खिडकीत कोण डोकावतंय? पण मशीन बिचारं प्रामाणिक. ते आत जाऊन दात मोजत बसलं आणि चक्कर येऊन पडलं.

“नियम लिहून घे,” मॅडम म्हणाल्या. “कॅमेऱ्याला दिसत नाय ते ठेवायचं नाय.”

वहीत माझ्या नावाखाली त्यांनी लिहिलं: ‘सोफा. चेन. तीन वेळा नाही म्हणाला.’ त्या वहीत मशीनच्या नावाचं पान नव्हतं. सगळी पानं माणसांच्या नावाची. तिला आम्ही जबाब-वही म्हणायचो. जिग्नेशभाईंची एकट्याची नऊ पानं होती.

*

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो होतो, “मॅडम, तुम्ही मराठी किती छान बोलता हो!”

त्यांनी चष्मा वर करून मला नीट बघितलं. “तू पण बरा बोलतोस. बार्शीला शिकवतात काय?”

मग म्हणाल्या, “अरे, आमचे लोक दहिसरला भात लावायचे तेव्हा बोरीवलीला स्टेशन नव्हतं. मी मराठीच हाय. फक्त रविवारी देऊळ वेगळं.”

पूर्वी त्या हातानं नकाशे काढायच्या. ट्रेसिंग पेपरवर शाईनं. चूक झाली की दाढीच्या ब्लेडनं शाई हळूच खरवडायची. जास्त जोर लागला की कागद फाटायचा, आठ दिवस गेले. “तिथं मागे जायचं बटण नव्हतं,” त्या सांगायच्या. “म्हणून पुढं बघून जायची सवय लागली.” बाकी सगळे नकाशेवाले कॉम्प्युटर आल्यावर घरी बसले. या एकट्याच स्टूल घेऊन आत शिरल्या.

चोर कुठला ते नुसत्या जबाबानं कळलं नाही तर त्यांची दुसरी रीत होती. अर्धं लपवायचं. अर्धी बिल्डिंग लपवून रेंडर लावायचा. चालला? म्हणजे चोर लपवलेल्या अर्ध्यात. मग त्यातलं अर्धं. मग त्यातलं अर्धं. करत करत शेवटी एक कुंडी नाहीतर एक झुंबर उरायचं, आणि ते पकडलं जायचं. हे त्या कुठल्या कोर्समध्ये शिकल्या नव्हत्या. नाताळात घरावर चांदणीची माळ लावायची, माळ बंद पडली की शंभरातला कुठला बल्ब गेला ते शोधायचं काम लहानपणापासून यांच्याकडे. “भाऊ एकेक बल्ब पिळत बसायचे. मी अर्धी माळ तोडायची. त्यांचा नाताळ जायचा, माझा पंधरा मिनटात पेटायचा.”

त्यांच्या ड्रॉवरमध्ये बिअरची बाटली असायची. जिग्नेशभाई कांदा-लसूणसुद्धा न खाणारा माणूस. एकदा स्टेपलर शोधताना त्यांच्या हाताला ती लागली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढचा आठवडाभर तो चेहरा जेवणाच्या सुट्टीत करून दाखवत होतो.

“ब्रिजीत मॅडम, ऑफिस में? ये?”

“मसाला हाय.”

“ऐसा सब लोग बोलता है.”

मॅडमनी बूच काढून बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. जिग्नेशभाई अकरा वेळा शिंकले. मी मोजलं. तो त्यांच्या आईचा बाटली मसाला. वीस-बावीस जिन्नस भाजायचे, कुटायचे, आणि तपकिरी बिअरच्या बाटलीत काठीनं ठासून भरायचे. रोज दुपारी मॅडम डब्यातल्या भाजीवर चिमूटभर टाकायच्या, आम्हालाही द्यायच्या. मी एकदा घेतला आणि बाटली खिडकीत ठेवली.

“उचल!” अशा ओरडल्या की खाली गाठ्या जळल्या असतील. “उन्हात ठेवतोस? ऊन लागलं की मसाला मेला. काचेचा रंग उगाच तपकिरी असते काय रे?”

जबाब-वहीत माझ्या पानावर एक ओळ वाढली: ‘बाटली. ऊन.’

*

मी नकला करतो. हा माझा दोष आहे आणि तेवढाच एक गुण. शाळेत हेडमास्तरांची केली तेव्हा ते मागेच उभे होते, ते पुढचं सांगत नाही. ऑफिसात मी ब्रिजीत मॅडम करायचो. स्टूल घ्यायचं, तिरकं टेकवायचं, चष्म्याची दोरी म्हणून माउसची वायर गळ्यात, आणि, “बोल, काय टाकलंस? देवा, काय हे पोर.”

एकदा रंगात आलो होतो आणि समोरचे सगळे एकदम कीबोर्डवर वाकले. मी समजलो. मागे वळलो नाही. बूच लावलेला पाय हलून स्टूल डुगडुगलं.

“परत कर,” मागून आवाज आला.

“सॉरी मॅडम.”

“सॉरी नको. परत कर. ‘देवा’ म्हण.”

“देवा...”

“चूक. ‘देवा’च्या नंतर मी श्वास घेते. तू डायरेक बोलतोस. श्वास घेतला की समोरच्याला वाटते आता ही माफ करते. आणि मग विचारायचं.”

मी श्वास घेऊन करून दाखवलं. त्यांनी डोकं जरा तिरपं करून ऐकलं.

“आता बरं हाय. जेवलास?”

आमच्या हेडमास्तरांना एवढं जमलं असतं तर मी शाळेत थोडा जास्त शिकलो असतो.

*

हरणाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. नॅशनल पार्कला लागून टॉवर होता, आणि बिल्डरला चित्रात हरीण हवं होतं. बाल्कनीत चहा पिणारी बाई, आणि समोर गवतात हरीण. “लोकांना वाटलं पाहिजे, खिडकी उघडली की हरीण.” होर्डिंग हायवेवर लागणार, त्यामुळे चित्र अवाढव्य. मी एक झकास हरीण आणलं. अंगावर केस होते, खरेखुरे, वाऱ्यानं हलतील असे. रेंडर हरणापर्यंत यायचा आणि मरायचा.

मॅडम आल्या. स्टूल, वही. मी तिसऱ्या नकाराच्या आत कबूल झालो, तेवढा अनुभव आला होता.

“केस काप त्याचे,” मॅडम म्हणाल्या.

“किती?”

“दुरून कोण बघणारे? सगळे.”

मी हरणाचं टक्कल केलं. रेंडर सुरळीत झाला. पण टकलं हरीण हरीण दिसेना, बकरी दिसायला लागलं. शिंगं काढली तर वासरू दिसायला लागलं. बिल्डर चित्र बघायला येऊन बसलेला. जिग्नेशभाईंनी डोळे मिटले. बिल्डर बराच वेळ गवताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “गाय टाकली तुम्ही? हे मला का नाही सुचलं! हरीण बघून लोक घाबरतात, मागून बिबट्या येईल म्हणून. गाय म्हणजे शुभ.”

तो गेल्यावर मॅडम मशीनजवळ जाऊन म्हणाल्या, “ऐकलंत ना हो? तुम्ही बरोबर होता.”

*

आता मुख्य गोष्ट.

मॅडम राहायच्या दहिसरला, आईबरोबर. सोळा फ्लॅटची जुनी बिल्डिंग, स्लॅबचे तुकडे पडायचे, मॅडम घरातून छत्री उघडून निघायच्या असं मी ऑफिसात सांगायचो, आणि ते फार खोटं नव्हतं. बिल्डिंग पाडून नवी बांधायची हे ठरलेलं. पण कुणी बांधायची? एक बिल्डर मोठं चित्र घेऊन आला होता. दहा फुटी बॅनर, त्यात कारंजं, त्यात हंस. त्याच्या नकाशात जुन्या लोकांचे फ्लॅट मागे, नाल्याकडे तोंड करून, आणि पुढची उन्हाची बाजू विकायला. मॅडम आणि सोसायटीचे सेक्रेटरी दळवीकाका म्हणत होते, सोसायटीनं स्वतःच बांधायची, आपण पुढं राहू. पण लोक हंस बघत होते. “तुमचं चित्र कुठंय?” विचारत होते.

रविवारी सकाळी अकराला मतं पडणार होती. मॅडमनी सांगितलं, चित्र मी आणते, त्याच्याएवढंच मोठं.

त्यात एक गोम होती. फ्लॅट आईच्या नावावर. म्हणजे मत आईचं. आणि आई, म्हणजे ममा, ब्याऐंशी वर्षांची, कुणाच्याच बाजूला नव्हती. “तळमजल्यावरून मला तिसऱ्यावर नेऊन टाकताय. आधी घर दाखव, मग बघू.” दळवीकाका मॅडमना म्हणाले होते, “तुमच्या घरचाच हात वर नाही झाला तर आमचा कोण करणार?”

शनिवारी दुपारी मी ऑफिसात पोचलो तर मॅडम मशीनसमोर. जिग्नेशभाईंनी त्यांना मशीन वापरायची परवानगी दिली होती, वर अगरबत्तीही लावून गेले होते. बॅनर छापणारा सहाला शटर पाडणार. रेंडर चालू, चौकोन भरतायत, तळमजला झाला, पहिला, दुसरा, तिसऱ्यावर गेला आणि...

काळी खिडकी.

“तिसऱ्यांदा,” मॅडम म्हणाल्या. “छोटं चित्र नीट होते. मोठं केलं की मरते.”

ते बरोबरच होतं. चित्र छोटं असलं की मशीनच्या डोक्यात बाकी सामानाला जागा उरते. दहा फुटी म्हटलं की कागदच एवढा पसरतो की सामान ठेवायला कोपरा राहत नाही. म्हणजे सामान जास्त होतं कुठंतरी.

“अर्धं लपवा ना मॅडम.”

“लपवलं. झाडं लपवली, गाड्या लपवल्या, गच्ची लपवली, एकेक करून मजले लपवले. तरी मरते.”

मी यादी बघितली. खरंच सगळं आलटून पालटून लपवलेलं. फक्त एक नाव राहिलेलं. ‘लाइट-२’. यादीत प्रत्येक नावापुढं एक डोळा असतो, तो मिटला की ती वस्तू लपते. याचा डोळा प्रत्येक वेळी उघडाच. दुसरा कुणी असता तर मॅडमनी त्याला एका मिनटात पकडला असता. पण पकडणाऱ्या मॅडम आज खुर्चीत होत्या. आणि स्टूल रिकामं होतं.

मी स्टूल ओढलं. बूच सरळ केलं. स्क्रीनकडे पाठ करून बसलो. त्यांची वही मांडीवर घेतली.

“काय टाकलंस?”

“चावटपणा नको हां. साडेतीन वाजले.”

“मशीन खोटं बोलत नाय बाई. माणूस बोलते. ‘लाइट-२’मधे काय हाय?”

“लाइट.”

“किती?”

“दोन. म्हणून नाव दोन.”

“दोन लाइटचं एवढं ओझं?”

“मोठे लाइट हायत.”

“तीन झाले,” मी वहीत लिहिलं. मग म्हणालो, “देवा.” आणि श्वास घेतला. त्यांनी शिकवला होता तसा, पूर्ण. “बोल.”

मॅडम आधी हसल्या. मग चष्मा काढून फ्रॉकला पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या. मग हात पुढं करून त्यांनी ‘लाइट-२’ उघडलं.

तिसऱ्या मजल्याच्या पडद्यामागे एक अख्खं घर होतं. फळीवर अकरा बिअरच्या बाटल्या, तपकिरी, आत लालसर मसाला, प्रत्येकीला कागद चिकटवलेला आणि त्यावर नातेवाइकाचं नाव. भिंतीवर क्रूस. ममाची खुर्ची, बसून बसून जिथं खोल गेलीय तिथं खोल. फ्रिज, आणि फ्रिजवर क्रोशाचा रुमाल. मी रुमालाच्या जवळ गेलो. अजून जवळ गेलो. आयला. टाका न् टाका विणलेला. एकेक दोरा गोल, त्यावर बारीक लव. कॉम्प्युटरात क्रोशाचं विणकाम करणारं मी दुसरं माणूस बघितलं नाही, बघणारही नाही.

“मॅडम, माझ्या सोफ्याच्या चेनवर काय बोलला होतात तुम्ही?”

“ममा बोलली, चित्र नको, घर दाखव. माझ्या बाटल्या कुठं राहतील ते दाखव. म्हणून बाटल्या केल्या. लॅपटॉपवर दाखवलं. बोलली, फ्रिज उघडाबोडका का? म्हणून रुमालाचा फोटो चिकटवला. मोतीबिंदूचे डोळे तिचे, स्क्रीनला नाक लावून बघितलं आणि बोलली, एक ओळ कमी हाय.”

“होती?”

“होती कमी. फोटोत आली नव्हती.” त्यांनी चष्मा घातला. “मग मी बसून सगळा विणला.”

पडदा पातळ होता. उन्हाचा किरण पडद्यातून आत जात होता, आणि मशीन आपलं त्याच्यामागे आत जाऊन एकेक टाका मोजत होतं. पंधरा घरांत काही नाही, आणि सोळाव्यात ममा.

“आणि हे आवडलं त्यांना?”

“काय माहीत. बोलली, बघू. बघू म्हणजे काय ते तिलाच माहीत.” मग एकदम खुर्ची मागे सारून म्हणाल्या, “डिलीट कर. नियम तो नियम. दिसत नाय ते ठेवायचं नाय. तू दाब.”

“तुम्हीच दाबा.”

“मी सांगते ना तुला!”

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चार वाजत आलेले. मी बोट बटणावर ठेवलं. त्यांच्यासमोर मला आयुष्यात पहिल्यांदाच नियम नीट वाचावासा वाटला.

“मॅडम, नियम काय आहे? दिसत नाही ते ठेवायचं नाही.”

“हां.”

“म्हणजे दिसत असेल तर ठेवायचं.”

त्या वळल्या.

“रुमालाचा परत फोटोच लावू, ओळ मी जोडतो. दहा बाटल्या काढू. एक ठेवू. पण आत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर. कॅमेऱ्याला दिसेल अशी.”

मॅडमनी स्टूलवरून मला उठवलं, स्वतः बसल्या, या वेळी स्क्रीनकडे तोंड करून, आणि म्हणाल्या, “जरा डावीकडं घे. पडद्याच्या बाहेर. हां. आता ऊन पडतंय बघ बाटलीवर. छान चमकते.” मग मशीनकडे बघून, “आता जमवा हो.”

मशीननं जमवलं. तळमजला, पहिला, दुसरा. तिसऱ्यावर आम्ही दोघांनी श्वास धरला, मशीनही जरा थांबलं असं मला वाटलं, आणि मग चौथा सुरू झाला. पावणेसहाला मी पेन ड्राइव्ह घेऊन जिन्यावरून असा पळालो की फरसाणवाला म्हणाला, आग लागली का?

*

रविवारी मला काही कारण नव्हतं, तरी गेलो. गेटवर बॅनर. बिल्डरचा हंस एका बाजूला, आमची बिल्डिंग दुसऱ्या बाजूला. आमच्यात कारंजं नव्हतं, पण सोळा घरं पुढं होती आणि सगळ्यांवर ऊन होतं. लोक आपापली खिडकी बोटानं शोधत होते. “ही आमची. नाही रे, वरची आमची.”

चर्चमधली मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपवून ममा आली. मॅडमपेक्षाही बुटकी, पांढरा स्कार्फ, हातात काठी. गर्दी बाजूला झाली. दळवीकाकांनी कागद-पेन छातीशी धरलेलं. ममा बॅनरला नाक लावून उभी राहिली. काठीनं तळमजला शोधला, तिथून एक एक मजला चढत गेली, जिना चढावा तशी, मधे दम घेत. तिसऱ्यावर काठी थांबली.

मॅडमचा हात चष्म्याच्या दोरीशी.

“बिज्जी,” ममा म्हणाली, “ही बाटली उन्हात कुणी ठेवली?”

पंचवीस-तीस वर्षं लोकांचे जबाब घेतलेली बाई. एक सेकंद लावला नाही. बोट माझ्याकडे. “यानं.”

ममा वळली. “काय रे, तू ठेवलीस?”

“नाही ममा.”

“एक,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे मी नुसता...”

“दोन.”

“मॅडमच म्हणाल्या ना, डावीकडं घे, चमकते!”

“तीन.”

“मसाला मरेल ना रे!” ममा काठी आपटत म्हणाली. “माझ्या खिडकीत एवढं ऊन येते आणि वर छज्जा नाय. कोण बांधते हे? दळवी, तू बांधतोस? आधी छज्जा लिहून घे. लिही. तिसरा मजला, छज्जा. मग विचार काय विचारायचं ते.”

दळवीकाकांनी लिहिलं. मग विचारलं. पहिला हात काठीसकट वर गेला. त्यानंतरचे मी मोजले नाहीत, कारण हात इतके झाले की मागचा हंस दिसेना.

पुढच्याच महिन्यात मी गोरेगावला दुसऱ्या ऑफिसात लागलो. तिथं क्रॅश झाला की इंग्रजीत मेल पाठवतात आणि इंग्रजीत उत्तर येतं. मी अजून स्क्रीनकडे पाठ करून बसतो, लोक बघतात.

मॅडम म्हटलं की मला अजून तो रविवारच आठवतो. सभा संपली, लोक चहाला गेले, मी निघालो होतो. गेटपाशी वळून बघितलं तर बॅनरखाली निळं स्टूल. ऑफिसातलं नव्हतं, पण जात तीच. त्यावर ब्रिजीत मॅडम चवड्यांवर उभ्या, हातात जाड काळा मार्कर, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर छज्जा काढतायत. शाईचा हात तो, पट्टी न लावता रेघ सरळ. खाली ममा काठी उगारून.

“अजून खाली घे, बिज्जी. अजून. बाटलीवर सावली पडली पाहिजे.”

“पडली ना ममा.”

“खोटं बोलू नको.”

मॅडमनी वरून खाली बघितलं, आईकडे, आणि म्हणाल्या, “अहो, बघा ना जरा नीट.”